वर्षाची चिकटवही

चिकटवही ही वस्तू तुमच्यापैकी कोणालाही नवी नाही. आगगाडीची तिकिटे, वाळलेली पाने, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि क्वचित एखादे घरातले छायाचित्र डिंकाने कागदावर बसवावयाचे व त्याखाली चार ओळी लिहावयाच्या, हा छंद फार जुना आहे. प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांना तो इतका प्रिय होता की, पानांवर आधीच डिंक लावून ठेवलेल्या चिकटवहीचे पेटंट त्यांनी १८७३ साली घेतले. पान ओले करावे आणि कात्रण दाबावे, एवढेच काम मग उरे. आज डिंक आणि कात्री यांची जागा मोबाईलने व संगणकाने घेतली आहे. त्यांच्या साहाय्याने छायाचित्रे व मजकूर पानावर मांडून जी वही तयार होते, तिला डिजिटल चिकटवही म्हणतात. ती कशी करावी आणि मुख्य म्हणजे कशासाठी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सोय वाढली, तसा एक घोटाळाही वाढला. पूर्वी घरात एकच अल्बम असे. त्यात फार तर वीस-पंचवीस छायाचित्रे असत. परंतु प्रत्येकातील माणूस कोण, प्रसंग कोणता, हे आजीला तोंडपाठ असे. आता एकेका मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे साठलेली असतात. एका लग्नाची चारशे आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांचे एकही नाही, अशी त्यांची वाटणी असते. ती कोणी परतून पाहत नाही, आणि मोबाईल बिघडला की सगळीच एकदम जातात. साठा पुष्कळ, पण आठवण थोडी, अशी ही स्थिती आहे. तिच्यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला, दिवसाला एकच छायाचित्र निवडणे. आणि दुसरा, ते एका ठरलेल्या साच्यात बसवणे.

पहिल्या उपायाचे एक उदाहरण न्यूयॉर्कमध्ये घडले. जेमी लिव्हिंग्स्टन या गृहस्थांनी ३१ मार्च १९७९ पासून दररोज एक पोलरॉइड छायाचित्र घेण्याचा नेम धरला. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या वाढदिवशीच, ते निवर्तले. तोपर्यंत हा नेम चालू होता. अशी सहा हजारांहून अधिक छायाचित्रे मागे राहिली. त्यांत मित्र आहेत, रस्ते आहेत, जेवणाची ताटे आहेत आणि शेवटी रुग्णालयही आहे. सुटे पाहिले तर त्यांतील पुष्कळसे चित्र सामान्यच वाटेल. क्रमाने पाहिले म्हणजे मात्र एक संपूर्ण आयुष्य डोळ्यांपुढून जाते. हे सामर्थ्य क्रमाचे आहे.

आता दुसरा उपाय, म्हणजे साचा. इंग्रजीतून आलेला ‘टेम्पलेट’ हा शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. ही कल्पना आपल्या अंगणातलीच आहे. ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपके मांडतात. ठिपके तेच असले, तरी त्यांवरून कोणी कमळ काढते, तर कोणी कासव. ठिपक्यांमुळे हात चुकत नाही आणि कल्पनाही अडत नाही. दुसरे उदाहरण भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे. जयंत साळगावकर यांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले, आणि मराठी घरांतून दिनदर्शिकेच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख, पाहुण्यांचे येणे-जाणे अशा नोंदी होऊ लागल्या. वर्षअखेरीस अशी दिनदर्शिका चाळून पाहावी. त्या घराचा लहानसा इतिहासच तीत सापडतो. जागा आखलेली होती, म्हणून नोंद झाली. साच्याचे काम नेमके हेच असते. आज काय मांडावे, एवढाच प्रश्न तो आपल्यापुढे ठेवतो. कुठे आणि केवढे मांडावे, हे आधीच ठरलेले असते.

संगणकावरील साचा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर होत. तळाशी पानाचा रंग, त्यावर छायाचित्रांच्या रिकाम्या चौकटी आणि सर्वांत वर अक्षरे, अशी त्याची रचना असते. आपण छायाचित्र एखाद्या चौकटीशी जोडले की, चौकटीत मावेल तेवढाच भाग दिसतो. बाहेरचा भाग झाकला जातो, कापला जात नाही. म्हणून मागाहून चित्र सरकवून पुन्हा नीट बसवता येते. संगणकावर ‘गिम्प’ या विनामूल्य प्रणालीने आणि मोबाईलवर ‘कॅनव्हा’सारख्या अनुप्रयोगाने हे काम करता येते. तयार साचे पुष्कळ मिळतात. पण पहिला साचा आपल्या हाताने आखावा, म्हणजे त्यामागचे गणित समजते.

ते गणित असे. नेहमीच्या ए-चार कागदावर स्वच्छ छपाई व्हावयाची, तर इंचाला ३०० बिंदू धरतात. त्या मानाने पानाची रुंदी २,४८० आणि उंची ३,५०८ बिंदू होते. पानावर दोन उभ्या रांगांत प्रत्येकी चार, अशा आठ चौकटी आखा. प्रत्येक चौकट १,०८० बिंदू रुंद व ७२० बिंदू उंच ठेवा; छापल्यावर ती ३.६ इंच रुंद आणि २.४ इंच उंच भरेल. दोन चौकटींमध्ये ८० बिंदू आणि डाव्या, उजव्या व खालच्या कडेला प्रत्येकी १२० बिंदू सोडले, तर शीर्षकासाठी वर २६८ बिंदूंची पट्टी उरते. बेरीज करून पाहा, ती बरोबर जुळेल. आठांपैकी सात चौकटी सात वारांच्या आणि आठवी मजकुराची. चौकट आडवी असल्यामुळे मोबाईलही आडवाच धरावा. बहुतेक मोबाईलांचे चित्र चारास तीन या प्रमाणात असते आणि आपली चौकट तीनास दोन आहे. म्हणून उंचीचा नववा हिस्सा झाकला जाईल. हे ध्यानात ठेवून डोक्यावर व पायाखाली थोडी मोकळी जागा सोडावी.

आठवड्याला एक पान याप्रमाणे वर्षाची बावन्न पाने होतात. बावन्न गुणिले सात म्हणजे ३६४. एक दिवस उरतो. लीप वर्षी दोन उरतात. या उरलेल्या दिवसासाठी शेवटी एक वेगळे पान ठेवावे.

या हिशेबाशी आपल्या गावाचा फार जवळचा संबंध आहे. बाहेरच्या माणसापाशी पांढुर्ण्याचे नाव काढले की, तो बहुधा एकच गोष्ट विचारतो: गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन बाजूंकडून दगडांचा वर्षाव होतो. दरवर्षी माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. त्या दिवशी वार्ताहर येतात, कॅमेरे येतात, आणि दुसऱ्या दिवशी निघून जातात. वर्षातील एका दिवसाची छायाचित्रे देशभर जातात; उरलेल्या ३६४ दिवसांची कोणी घेत नाही. मग त्या एका दिवसावरून गावाची ओळख ठरते, यात नवल ते काय?

आपल्या साच्यात मात्र प्रत्येक दिवसाची चौकट सारख्याच मापाची असते. गोटमारीला एक चौकट मिळते, तेवढीच कापसाच्या वेचणीला मिळते. जामसावळीच्या मारुतीला निघालेल्या भाविकांना मिळते, तेवढीच शाळेच्या नळावर डबा धुणाऱ्या मुलांनाही मिळते. ज्या पळसाचे झाड श्रावण संपताच नदीत रोवतात, तोच पळस फाल्गुनात रानोरान केशरी फुलतो. त्या फुलांचीही एक चौकट होते. गोटमार लपवावयाची नाही आणि फुगवावयाचीही नाही. वर्षात तिची जागा केवढी आहे, एवढे खरेपणाने दाखवावयाचे आहे. बातमी नेहमी असाधारण दिवसाच्या शोधात असते. साधारण दिवसांची नोंद त्या गावात राहणाऱ्यांनीच केली पाहिजे.

साच्याचा दुसरा लाभ तुलनेचा. संत्र्याचे एक झाड निवडा आणि दर रविवारी त्याच जागी उभे राहून, त्याच वेळी त्याचे छायाचित्र घ्या. पाणी तोडून झाडाला ताण दिला जातो. मग पाणी मिळताच जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो आणि त्याची फळे ऑक्टोबरपासून तोडणीला येतात. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात व फळे पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. ताण, फूल, बारीक फळ, फळगळ, तोडणी हे सारे टप्पे एकाच मापाच्या चौकटींत शेजारी-शेजारी आले की, पुस्तकातील धडा डोळ्यांना दिसू लागतो. पाऊस लांबला किंवा गारपीट झाली, तर तेही त्या पानावर दिसेल. आणि पुढच्या वर्षीचे पान त्याशेजारी ठेवल्यावर ते अधिकच स्पष्ट होईल.

काही गोष्टी तर पुन्हा छायाचित्रासाठी थांबतच नाहीत. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा गाडी कित्येक पिढ्या अडीच फुटी अरुंद रुळांवरून धावली. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि पुढे त्या मार्गावर रुंद रूळ आले. रोज जाणाऱ्या गाडीचे छायाचित्र कोण घेतो? रोजचे म्हणून ते राहून जाते, आणि एके दिवशी ते रोजचे उरत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्याच्या पहिल्या वर्षांचे रोजचे रूप आज तुमच्या डोळ्यांसमोर आहे. ते टिपण्याची संधी पुन्हा येणार नाही.

आठव्या चौकटीला म्हणूनच मी सर्वांत मोठे महत्त्व देतो. तीत सात दिवसांच्या सात ओळी मराठीत लिहाव्या. ‘शेतातील दृश्य’ असे लिहिण्याने काही साधत नाही. कोणाचे शेत, कोणते पीक, काय काम चालले आहे, हे लिहावे. त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल, आणि मग पऱ्हाटी, डवरा, धुरा असे आपल्या मुलखाचे शब्द आपोआप पानावर येतील. कार्यालयांचा व बाजाराचा बराचसा व्यवहार हिंदीत चालणाऱ्या या भागात, घरातली मराठी घरातच तेवढी बोलली जाते. ती लिहिली गेली पाहिजे. ही अक्षरे युनिकोड पद्धतीच्या टंकात लिहावी, आणि तोच मजकूर एका वेगळ्या फाईलमध्येही ठेवावा. कारण पानाचे एकदा चित्र झाले की, त्यातील शब्द सहजी शोधता येत नाहीत.

आता व्यवहारातील चार पथ्ये. प्रत्येक छायाचित्राच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. म्हणजे संगणक ती आपोआप क्रमाने लावतो. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठवले तर त्याचा दर्जा घटतो. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. एक चित्र सुमारे तीन एमबीचे धरले, तर वर्षाची ३६५ चित्रे एक जीबीहून थोडी अधिक होतात. एवढ्याशा साठ्याच्या तीन प्रती ठेवणे कठीण नाही: एक मोबाईलमध्ये, एक पेनड्राइव्हवर आणि एक घराबाहेर, एखाद्या नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत. चौथे पथ्य शिष्टाचाराचे. कोणाचेही छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये. जखमी, आजारी वा दुःखात असलेल्या माणसाचा चेहरा तर टिपूच नये. छायाचित्राच्या फाईलमध्ये स्थळाची नोंद दडलेली असू शकते. म्हणून ते अनोळखी माणसांत पसरवू नये.

एखादा दिवस चुकेल, परीक्षा येतील, ताप येईल. अशा वेळी दुसऱ्या दिवसाचे चित्र त्या जागी बसवू नये. चौकट तारखेसह रिकामी ठेवावी आणि कारण एका ओळीत लिहावे. रिकामी चौकट हीसुद्धा खरी नोंदच असते. तसेच साच्याचा फार जाचही मानू नये. पोळ्याच्या आठवड्यात सजलेल्या बैलजोडीला दोन चौकटी एकत्र करून द्याव्याशा वाटल्या, तर खुशाल द्याव्या, आणि राहिलेल्या दिवसाची ओळ मजकुरात लिहावी. एरवी नियम पाळलेला असला, म्हणजे असा अपवाद शोभून दिसतो.

या कामाला नवा कॅमेरा नको, की खर्च नको. घरात एक मोबाईल असला, तर भावंडांनी वार वाटून घ्यावे. वर्गात मोबाईल नसेल, तर हाच आठ चौकटींचा साचा कागदावर आखून त्यात चित्रे काढावी. पूर्वीच्या शाळांतील हस्तलिखित मासिके अशीच निघत. येत्या सोमवारी पहिली चौकट भरा. पुढच्या वर्षी या सुमारास तुमच्यापाशी बावन्न पाने असतील, आणि कोणी ‘पांढुर्णा म्हणजे ते दगडांचे गाव ना?’ असे विचारले, तर ती पाने त्याच्यापुढे ठेवता येतील.