पथक येईल त्या दिवशी मूल अंगणवाडीत हवं

मैत्रिणींनो, ताट वाजवलं की बाळ वळून बघतं, म्हणजे त्याला ऐकू येतं असं आपण धरून चालतो. पण बाळ कधी हलणारा हात बघून वळतं, कधी जमिनीचा हादरा लागून. काही मुलांना मोठा आवाज कळतो, बोलणं मात्र कळत नाही. मग "याचा बापही उशिराच बोलला" म्हणत तीन वर्षं जातात. भाषा शिकायची वर्षं तीच.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, ऐकण्याचीही तपासणी करतं. शंका आली तर चिठ्ठी देतं. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात, मोफत. पण त्या दिवशी मूल आजोळी नाहीतर आईबरोबर शेतात असतं. आणि चिठ्ठी मिळाली तरी जिल्ह्याला जायचं तर मजुरी बुडते, म्हणून ती डब्यात पडून राहते.

इथे बचत गटानं हात लावावा, असं आम्हाला वाटतं. सेविकाताईंकडून तारीख घेऊन बैठकीत सांगायची. चिठ्ठीवाल्या आईसोबत गटातल्या एकीनं जायचं, गाडीभाडं गटातून उसनं द्यायचं.

कान वाहत असेल तर आधीची तपासणी ठीक निघाली असली तरी आशाताईंना पुन्हा दाखवा. कानात तेल घालू नका, सासूबाई रागावल्या तरी.