न पाहिलेल्या मूर्तीचें परीक्षण

आमच्या वसईच्या होळींतील घरीं परवां एक लहानसा वाद झाला. पुतण्याच्या मुलीस महाविद्यालयांत एका कलाकृतीवर परीक्षण लिहावयास सांगितलें होतें. तिनें गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ति निवडली. लेख चार पानांचा, भाषा मोठी आवेशाची. मीं विचारलें, "बाळ, मूर्ति पाहिलीस कोठें?" ती म्हणाली, "मोबाइलवर, आजोबा."

हंसूं आलें, पण आवरलें. कारण या बाबतींत तिला थोरांची सोबत आहे. म्हात्रे यांनीं ही मूर्ति १८९६ सालीं, वयाच्या अवघ्या विशींत, प्लास्टरांत घडविली. विलायतेंत सर जॉर्ज बर्डवुड यांनीं तिची तोंड भरून स्तुति केली, ती छायाचित्रें पाहून! त्याच बर्डवुडसाहेबांनीं पुढें १९१० सालीं लंडनच्या एका सभेंत जावा बेटांतील ध्यानस्थ बुद्धमूर्तीची बरोबरी चरबी घालून उकडलेल्या पिठाच्या गोळ्याशीं केली. तेथेंही समोर होतें तें छायाचित्रच. विलायतेंतील तेरा कलावंत व रसिकांनीं 'टाइम्स' पत्रांत त्याचा जाहीर निषेध केला. स्तुति असो वा निंदा, साहेबांनीं मूर्तीभोवतीं एक प्रदक्षिणाही घातली नव्हती.

आमच्या विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत म्हटलें आहे कीं, आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणते छायाप्रकाशाची, स्त्रियांना अलंकार रुचतात आणि इतरांना रंगांची समृद्धि. (स्त्रियांविषयींचें हें मत आमच्या घरांत कोणासही मान्य झालें नाहीं.) सांगावयाचें तें इतकेंच, कीं परीक्षकानें प्रथम आपण यांपैकीं कोण, हें ओळखावें. मग पदार्थ कोणता, आकार केवढा, प्रकाश कोठून पडतो, हें साध्या शब्दांत लिहावें. आणि निवाडा त्यानंतर द्यावा. मीं मुलीस असें सांगितलें खरें, पण सांगतांना जीभ अडखळली.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आमच्याच आळींतील एका तरुणानें वसईच्या किल्ल्यांतील सेंट जोसेफच्या देवळाचा मनोरा रंगविला होता. एका स्थानिक पत्रांत मीं त्यावर परीक्षण लिहिलें. चित्र पाहिलें होतें दिव्याच्या उजेडांत, घाईघाईनें. "मनोऱ्याचा दगड तांबूस दाखविणें हें अज्ञान होय," असें वाक्य मीं लिहिलें, आणि त्या वाक्यावर मी खूषही होतों. पुढें तीन वर्षांनीं पाहुण्यांना घेऊन मावळतीच्या वेळीं किल्ल्यांत गेलों. मनोरा डोळ्यांसमोर होता, आणि तो तांबूस होता; अगदीं त्या चित्रांतल्यासारखा. तोंवर त्या तरुणानें कुंचला ठेवून नोकरी धरली होती. माझ्या लेखामुळेंच ठेवला, असें तो कधीं म्हणाला नाहीं. रस्त्यांत भेटला कीं आजही अदबीनें नमस्कार करतो. तो मला जड जातो.

हें सर्व मुलीस सांगितलें. तिनें चारही पानें फाडलीं. थोड्या वेळानें म्हणाली, "तें चित्र अजून आहे का त्यांच्याकडे?"

आहे. त्यांच्या ओटीवरच्या भिंतीवर टांगलेलें आहे. रविवारीं दिवेलागणीपूर्वीं ती पाहावयास जाणार आहे, आधीं किल्ल्यांत आणि मग त्यांच्या घरीं. "आजोबा, तुम्ही येतां ना?" असें तिनें दोनदां विचारलें. मीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.