माजी सैनिकांची मुले आणि शाळेचे जनरल रजिस्टर

महायुद्धात अपंग होऊन परतलेल्या सैनिकांना धंदेशिक्षण मिळावे म्हणून १९१७ साली क्वीन मेरी तांत्रिक संस्था निघाली. त्या वेळी विचार मुख्यतः सैनिकाचा होता. त्याच्या मुलांच्या शिक्षणाची सोय पुढे होत गेली. तिच्याविषयी पेण व रोहे तालुक्यांतील शिक्षकबंधुभगिनींस चार शब्द सांगावयाचे आहेत.

हे साहाय्य महाविद्यालयातच मिळते, असा समज पुष्कळांचा असतो. पंतप्रधान शिष्यवृत्तीपुरते ते खरे आहे. बारावीस किमान ६० टक्के गुण मिळवून व्यावसायिक अभ्यासक्रमास गेलेल्यांतून निवड होते; मुलास दरमहा २,५०० व मुलीस ३,००० रुपये मिळतात. परंतु रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीचे शैक्षणिक अनुदान इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत आहे. हवालदार वा त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकास अथवा त्याच्या विधवेस ते दोन अपत्यांपर्यंत मिळते. पूर्वी ते दरमहा १,००० रुपये होते; नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांस २,००० रुपये झाले. म्हणजे ही बाब प्रथम प्राथमिक शिक्षकाच्याच हाती येते.

अर्जासोबत इयत्ता उत्तीर्ण झाल्याचे गुणपत्रक लागते, आणि अपत्याचे नाव सैन्याच्या कागदपत्रांत असावे लागते. अडचण येथेच उद्भवते. सैनिकाने रजेवरून परतल्यावर पलटणीत एक जन्मतारीख सांगितलेली असते. आजोबांनी शाळेत दुसरीच नोंदविलेली असते. वडिलांचे आडनाव सैन्यात 'पाटील' आणि मुलाचे शाळेत 'म्हात्रे', हा प्रकार तर आपल्याकडे नवलाचा नाही! नाव घालतेवेळी जन्मदाखल्याबरोबर वडिलांचे डिस्चार्ज पुस्तकही पाहिले, तर पाच मिनिटांत फरक कळतो. फरक आढळल्यास शिक्षकाने रजिस्टरात स्वतः खाडाखोड मुळीच करू नये. मूल शाळेत आहे तोवर वरिष्ठांच्या मंजुरीने दुरुस्ती होऊ शकते. दाखला नेल्यावर ती फार कठीण. चूक सैन्याच्या नोंदीत असेल, तर पालकास अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करावयास सांगावे.

महाड तालुक्यातील फौजी आंबवडे गावात पिढ्यान्‌पिढ्या घरोघर सैनिक आहेत. तेथे अशी माहिती ओट्यावर बसल्या बसल्या मिळते. एखाद्या वाडीत सैनिकाचे एकच घर असेल, आणि त्यातही तो हयात नसेल, तर त्या माउलीला हे कोण सांगणार? अशा पालकास अलिबाग येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता लिहून द्यावा, व निकाल लागताच गुणपत्रक विनाविलंब हाती द्यावे.