गांजाचा अंमल

गांजा, चरस आणि भांग ही एकाच झाडाची तीन रूपे. मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा, त्यावरची चिकट राळ म्हणजे चरस आणि पाने वाटून केलेली ती भांग. नशा आणणारे मुख्य द्रव्य तिन्हींत एकच, टीएचसी. ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी, १९६४ मध्ये.

चिलमीचा झुरका मारला की टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचते. भांग पोटातून जाते, म्हणून अर्धा ते दोन तास फारसे काही जाणवत नाही. ‘चढलीच नाही’ म्हणत माणूस दुसरा पेला रिचवतो आणि मग दोन्ही एकदम चढतात: छातीत धडधड, घाबरगुंडी, वेळेचे भान सुटणे. नाडी तर दोन्ही प्रकारांत वाढते, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त.

रोजच्या धुराने खोकला आणि कफ मागे लागतो. फुप्फुसाच्या कर्करोगाशी गांजाचे नाते तंबाखूइतके स्पष्ट झालेले नाही. पण आपल्याकडे चिलमीत तंबाखू मिसळण्याची रीत आहे, त्यामुळे या दिलाशाला अर्थ उरत नाही. वर्षानुवर्षे ओढणाऱ्या काहींना ओकाऱ्यांचे झटके येतात. कढत पाणी अंगावर घेतले की तेवढ्यापुरते बरे वाटते, म्हणून हे रुग्ण तासन्‌तास न्हाणीघरात काढतात. गंमत अशी, की केमोथेरपीच्या मळमळीवर टीएचसीचीच औषधे दिली जातात.

मनावरचा परिणाम अधिक गंभीर. स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांची माहिती पंधरा वर्षे तपासली गेली. पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले (१९८७). गांजा हे त्याचे एकमेव कारण नव्हे. घराण्यात हा आजार असेल तर मात्र खेळ जिवावरचा. वयही महत्त्वाचे, कारण मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षे ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक अडतिशीपर्यंत आठ गुणांपर्यंत घसरलेला दिसला. जुळ्यांवरच्या नंतरच्या अभ्यासांनी मात्र या घसरणीचे खापर केवळ गांजावर फोडण्याबद्दल शंका घेतली.

गांजाची सवय लागत नाही, हा समज खोटा आहे. ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक त्यात अडकतो. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही. पहिला आठवडा सर्वांत जड जातो, पुढे त्रास उतरत जातो. खास मान्यताप्राप्त औषध अजून नाही. उपचाराची मदार समुपदेशनावर असते.