शरीफजी : भोसले घराण्यातले अरबी नाव

शिवजयंतीला भोसल्यांची वंशावळ लावली, की मुले हमखास विचारतात : शहाजीराजांच्या धाकट्या भावाचे नाव शरीफजी कसे? आम्हालाही लहानपणी हाच प्रश्न पडला होता.

‘शरीफ’ म्हणजे थोर, कुलीन. अश्रफ आणि मुशर्रफ ही नावेही त्याच अरबी धातूतली. पैगंबरांच्या वंशजांना शरीफ म्हणत. मक्केच्या शासकाची तीच पदवी होती. पुढे ते सर्वसामान्यांचे नाव झाले आणि हिंदुस्थानातही रुळले. (मुंबईच्या ‘शेरीफ’ पदाशी मात्र याचा संबंध नाही. तो शब्द इंग्रजी.)

परंपरा सांगते, की मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि मुलगे झाल्यावर पिराचेच नाव दोघांत वाटले : थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. मराठी ‘जी’ लागला आणि नाव घरचे झाले. हे शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत कामी आले.

नाव मात्र मागे राहिले. बोलण्यात त्याचे शरफोजी, सरफोजी झाले आणि शहाजीराजांच्या तंजावरच्या शाखेत ते राजांना ठेवले गेले. सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) त्यांतलेच. वंशावळीत ‘शरीफजी’ खोडून दुसरे काही लिहिण्याचे म्हणूनच काही कारण नाही.