चाचणी कामाच्या जागीच केली तर?

एचआयव्ही चाचणीसाठी कामगारांना बाहेर पाठवायचं, की कामावरच सोय करायची? झिम्बाब्वेतल्या हरारेमध्ये 22 व्यवसायांत हे करून पाहिलं. पेपर 2006 चा. काही ठिकाणी जागेवरच समुपदेशन आणि झटपट चाचणी, बाकी ठिकाणी बाहेरच्या केंद्राचं आधीच पैसे भरलेलं व्हाउचर. म्हणजे खर्च कुणालाच नाही. तरी जागेवर सरासरी 51 टक्क्यांनी चाचणी करून घेतली, व्हाउचरवर 19 टक्क्यांनी.

आता डिझाइन बघा. चिठ्ठ्या माणसांच्या नाही, अख्ख्या कंपन्यांच्या टाकल्या. एकाच खात्यात अर्ध्यांना व्हाउचर दिलं असतं तर जेवणाच्या सुट्टीतच सगळी सरमिसळ झाली असती! हे क्लस्टर रँडमायझेशन. पण मग विश्लेषणातही क्लस्टरचा हिशोब ठेवावा लागतो, नुसती कामगारांची संख्या दाखवून भागत नाही.

मला जास्त शिकवलं ते पुढच्या पेपरने. जागेवरच्या चाचणीमुळे नवीन लागण लक्षणीय घटली नव्हती. चाचणी वाढणं आणि लागण घटणं हे दोन वेगळे आउटकम. (माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये मी पहिला मोजून दुसऱ्याचा दावा केला होता.) तुमच्या प्रपोजलमध्ये कोणता आहे?

आणि भारतात असं काही करणार असाल तर 2017 चा एचआयव्ही कायदा आधी वाचा: नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही.