ताणणाऱ्या कापडाचा पेहराव : साध्या शिलाई यंत्रावर कसा साधावा?

ओरत्तनाडु (तामिळनाडू) : ग्राहकाने हौसेने आणलेले ताणणारे कापड शिंप्याकडे येते, नेहमीच्या मापाने बेतले जाते, नेहमीच्या सुईने शिवले जाते आणि पहिल्यांदा अंगात घालतानाच बगलेतील शिलाई तुटते. कापड वाया जाते, मजुरी बुडते आणि ग्राहकही दुरावतो. दोष बहुधा कापडाचाही नसतो आणि हाताचाही नसतो. साध्या कापडासाठी अंगवळणी पडलेली रीत येथे उलटी पडते, एवढेच.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवरील ओरत्तनाडु हे तालुक्याचे ठिकाण. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळ यांच्या नावाने उभारलेल्या छत्रामुळे मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. याच राज्यातील तिरुप्पूर शहरातून देशाच्या होजिअरी निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल बाहेर जातो. तेथील कारखान्यांत ओव्हरलॉक व फ्लॅटलॉक यंत्रांच्या रांगा असतात आणि एकाच मापाचे हजारो नग निघतात. लहान गावातील शिंप्यापुढे मात्र एकच कापड, एकच ग्राहक आणि बहुतेकदा फक्त सरळ टाका घालणारे यंत्र असते. तामिळनाडू शासनाच्या सत्यवाणी मुत्तु अम्मैयार स्मृती योजनेतून गरजू महिलांना मोफत शिलाई यंत्रे दिली जातात. अशा एकाच यंत्रावर ज्यांचा संसार चालतो, त्यांना एक कापड बिघडणेही परवडत नाही.

कापड का ताणते?

मागावर विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. होजिअरीच्या कापडात धाग्याचे फासे एकमेकांत गुंफलेले असतात. ओढ बसली की फासे रुंदावतात. त्यात लायक्रा मिसळलेला असेल तर कापड ताणल्यावर पूर्ववतही होते. लायक्रा हे स्पॅन्डेक्स या कृत्रिम तंतूचे व्यापारी नाव. अमेरिकेतील ड्यूपॉंट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये हा तंतू विकसित केला.

साधी टोकदार सुई हे फासे भेदते, तेव्हा तेथून कापड उसवू लागते. शिवाय मऊ कापड सुईबरोबर खाली-वर होते. त्यामुळे सुईमागे धाग्याचा जो लहानसा फास तयार व्हायला हवा, तो नीट होत नाही. बॉबिनकडील आकडा तो पकडू शकत नाही आणि टाका सुटतो. सरळ टाक्याची अडचण वेगळी आहे. कापड ताणते, पण शिलाईचा धागा ताणत नाही. म्हणून तो तुटतो.

कात्रीपूर्वीची परीक्षा

सुती होजिअरी धुतल्यावर आटते, म्हणून कापड आधी धुऊन वाळवावे. नंतर ते सपाट पसरून काही तास विसावू द्यावे. बेतताना त्याचा भाग टेबलावरून लोंबू देऊ नये, अन्यथा ते आपल्याच वजनाने ताणते आणि माप चुकते.

आता कापडावर १० सेंटिमीटरची खूण करून ते पट्टीशेजारी ताणावे. ते सहज १३ सेंटिमीटरपर्यंत गेले, तर त्याचा ताण ३० टक्के. सोडल्यावर ते पुन्हा १० सेंटिमीटरवर यायला हवे. साडेदहावरच थांबले, तर कोपर व गुडघ्यापाशी पेहरावाला पोक येणार हे समजावे. सर्वाधिक ताणाची दिशा नेहमी अंगाभोवती, म्हणजे आडवी ठेवावी.

नेहमीची रीत उलटते ती मापात. छाती ९० सेंटिमीटर असेल, तर साध्या कापडाचा पेहराव ९६ सेंटिमीटरच्या आसपास बेततात. अंगाला चपखल बसणारा पेहराव चांगल्या ताणाच्या कापडात ८५ सेंटिमीटरच्या आसपास बेतता येतो. मात्र ग्राहकाला सैल पेहराव हवा असेल, तर एवढे कमी करू नये.

यंत्रावर

सुई गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट घ्यावी. ती फासे न भेदता बाजूला सारते. हलक्या कापडाला ११ क्रमांकाची व जाड कापडाला १४ क्रमांकाची सुई चालते. सुतीऐवजी पॉलिएस्टरचा दोरा वापरावा. यंत्रात झिगझॅगची सोय असल्यास रुंदी सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर आणि लांबी अडीच मिलिमीटर ठेवावी. शिलाई सरळ दिसते, तरी ताण सहन करते.

फक्त सरळ टाका असेल, तर दाबपायाचा दाब व दोऱ्याचा ताण किंचित कमी करून, कापड पुढून-मागून हलकेच ताणत शिवावे. सुरुवातीलाच यंत्र कापड ओढून घेत असेल, तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवावी आणि नंतर ती फाडून काढावी. प्रत्येक वेळी आधी उरलेल्या तुकड्यावर शिवून तो ताणून पाहावा.

खांदा मात्र ताणू देऊ नये, कारण संपूर्ण पेहरावाचा भार त्यावर असतो. तेथे शिलाईत अरुंद सुती पट्टी धरावी. गळ्याची पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा दहा ते पंधरा टक्के आखूड काढून समान ताणून जोडली, तर गळा अंगालगत राहतो. खालची दुमड घालण्यापूर्वी पेहराव एक दिवस टांगून ठेवावा, कारण जड कापड खाली उतरते. इस्त्री मंद ठेवावी आणि ती घासण्याऐवजी दाबून उचलावी.

साधनांचा आधार

व्यवसाय वाढवू पाहणाऱ्यांसाठी झिगझॅग किंवा ओव्हरलॉक यंत्र ही पुढची पायरी ठरते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. तामिळनाडूने कारागिरांसाठी ‘कलैज्ञर कैविनै’ ही स्वतःची योजना आखली आहे.

यंत्र नवे असो वा जुने, तुकड्यावर शिवून पाहण्याची ती पाच मिनिटे टाळू नयेत. ग्राहकाचे कापड आणि शिंप्याचा शब्द, दोन्ही त्यातच वाचतात.